स्नेहाचें माप

संस्कृत भाषेंत ‘स्नेह’ हा शब्द तेल-तुपादि स्निग्ध पदार्थांस लावितात आणि प्रेमासही लावितात. कोशकारांनीं हे दोन अर्थ वेगळे नोंदले असले, तरी आमच्या स्वयंपाकघरांतून ते कधीं वेगळे राहिलेले नाहींत. ज्याच्यावर घरच्या माउलीचा लोभ अधिक, त्याच्या भातावर तुपाची धार अधिक, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माहेरवाशीण आली, परीक्षा देऊन मुलगा घरीं आला, कोणी दुखण्यांतून उठला, कीं वाढणारीचा पहिला हात जातो तो तुपाच्या भांड्याकडे. अंगानें भरलेल्या मुलाला आपण बाळसेदार म्हणतों. गृहस्थाचें पोट सुटलें तर तो खात्यापित्या घरचा ठरतो. आणि कोणी जरा उतरलेला दिसला, कीं त्याच्या प्रकृतीची चौकशी करावयास शेजारपाजार लोटतो. अशा समाजांत डॉक्टरांनीं ‘वजन उतरवा, तेलतूप कमी करा’ असें सांगितलें, म्हणजे तो उपदेश एका माणसाच्या पोटापुरता राहत नाहीं. घरांतील मायेच्या रीतीलाच तो येऊन भिडतो. २०२५ सालीं हा प्रसंग आमच्या घरावर आला. त्यांतून जें हातीं लागलें तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल, अशा समजुतीनें येथें लिहीत आहें.

आमचें बिऱ्हाड यवतमाळ जिल्ह्यांतील बाभुळगांव येथें. यवतमाळहून धामणगांवास जाणाऱ्या रस्त्यावर हें तालुक्याचें गांव आहे. भोंवतीं कापूस, तूर आणि सोयाबीन यांचीं शेतें. घरांत लहानमोठीं अकरा माणसें आणि चूल एक. ज्येष्ठ बंधूंना आम्ही सर्वजण दादा म्हणतों. त्यांचें वय ७१, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन ८४ किलो. मधुमेह दहा वर्षांचा जुना. त्यांत रक्तदाब वाढला आणि गुडघे कुरकुरूं लागले. फेब्रुवारींत डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें कीं, गोळ्या वाढवीत नेण्यापेक्षां सात-आठ किलो वजन उतरवा. पुष्कळसें दुखणें तेवढ्यानेंच हलकें होईल. सोबत त्यांनीं आहाराचा एक कागदही दिला. दिवसाकाठीं १५०० उष्मांक आणि तेल-तूप मिळून ३० ग्रॅमच्या आंत, असें त्याचें सार होतें. योगायोग असा कीं, त्याच महिन्याच्या २३ तारखेस पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील ‘मन की बात’ या भाषणांत, लोकांनीं खाद्यतेल दहा टक्के कमी वापरावें, असें आवाहन केलें होतें. तेव्हां विषय घरांत दोन्ही बाजूंनीं आला.

उष्मांक म्हणजे काय, हें वडीलधाऱ्यांस समजावून देण्याचें काम साहजिकच मजकडे आलें. एक किलो पाण्याचें उष्णतामान एक अंशानें वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तो एक उष्मांक. अन्न हें शरीराचें सर्पण आहे आणि सर्पणाप्रमाणेंच त्याची उष्णता मोजतां येते. अमेरिकेंतील विल्बर अ‍ॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञानें १८९० नंतरच्या दशकांत, माणूस आंत राहूं शकेल अशी बंदिस्त खोली तयार करून, त्यानें काय खाल्लें आणि त्याच्या अंगांतून किती उष्णता बाहेर पडली याचा ताळेबंद मांडला. त्याच्या परिश्रमांतून निघालेले आंकडे आजही सर्वत्र प्रमाण मानतात. धान्यांतील पिष्ट आणि साखर यांच्या एका ग्रॅमांत ४ उष्मांक, डाळी-दुधांतील प्रथिनांच्या एका ग्रॅमांतही ४. परंतु तेल-तुपाच्या एका ग्रॅमांत ९. म्हणजे पांच ग्रॅमांचा एक लहान चमचा तेल आणि तेवढ्याच चमच्यानें सव्वादोन चमचे साखर, यांचें सर्पण सारखें. तेल हें मोहरीचें असो, शेंगदाण्याचें असो, कीं घरचें साजूक तूप असो, या हिशेबांत फारसा फरक पडत नाहीं.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही या विषयांतील आपल्या देशाची जुनी संस्था. १९१८ सालीं कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांच्या हाताखालीं तिचा आरंभ झाला आणि १९५८ सालीं ती हैदराबादेस गेली. २०२० च्या तिच्या तक्त्याप्रमाणें बैठें काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषास दिवसाला २११० आणि ५५ किलोच्या स्त्रीस १६६० उष्मांक लागतात. २००० उष्मांकांच्या ताटाचा जो नमुना ती देते, त्यांत वरून घातलेल्या तेल-तुपाचा वांटा सुमारें २७ ग्रॅम, म्हणजे लहान चमच्यानें साडेपांच चमचे आहे. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

कागद आला त्या दिवसापासून दादांचें पान निराळें झालें. कोरडे फुलके, बिनफोडणीची भाजी, पातळ ताक आणि मूठभर भात. बाकीच्या दहा जणांचें जेवण पूर्ववत्. अशी व्यवस्था तीन आठवडे चालली आणि तिचा जो शेवट व्हायचा तो झाला. पंगतीला दहा पानांवरून फोडणीचा वास यावा आणि अकराव्या पानावर मिठाचें पाणी असावें, हें माणसाला फार दिवस सोसत नाहीं. दादा न बोलतां जेवीत आणि लौकर उठत. दुपारीं चार वाजतां मात्र चिवड्याच्या डब्याचें झांकण वाजे. वहिनींची स्थिति त्याहून कठीण. पंचेचाळीस वर्षें ज्यांना हातानें वाढलें, त्यांच्या पानांत असें रुक्ष अन्न वाढतांना त्यांचा जीव तुटे, आणि मग कोरड्या फुलक्याच्या खालच्या पदराला तुपाचें बोट लागून जाई. वजन तीन आठवड्यांत तसूभर हललें नाहीं. दोन माणसें मात्र मनानें सुकलीं.

वस्तुतः आपल्या पूर्वजांनीं हा विषय लहान मानलेला नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘अष्टौनिन्दितीय’ या नांवाचा एक अध्याय आहे. अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही विचार त्यांत केला असून, दोहोंपैकीं निवडावयाची वेळ आली तर कृशपणा बरा, असा कौल दिला आहे. स्थूलतेचीं कारणें सांगतांना अति खाणें, गोड, जड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप आणि निश्चिंत मन हीं तर सांगितलींच; पण बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला देहधर्म, हेंही एक कारण मोजलें आहे. स्थूल माणसाला भूक अधिक लागते, हें त्याच्या दोषांत गणून त्याचा खुलासाही केला आहे. मला सर्वांत मार्मिक वाटली ती चिकित्सा. स्थूल माणसाला पोटास जड, पण अंगाला न पोसणारें अन्न द्यावें, असें चरक म्हणतो, आणि जव, मूग, कुळीथ, ताक अशीं नांवें घेतो. पोट रितें ठेवा, असें तो म्हणत नाहीं. पोट भरल्यासारखें वाटावें आणि सर्पण मात्र थोडें पडावें, हेंच आजचे आहारशास्त्रज्ञ चोथा, डाळी आणि पालेभाज्या यांच्याविषयीं सांगतात.

दादांच्या एका पानांतून वजन उतरत नाहीं असें दिसल्यावर सगळ्या घराचा हिशेब मांडला. आमच्या घरीं तेलाचा १५ किलोचा डबा येई आणि बरोबर एक महिना पुरे. पंधरा किलोला तीस दिवसांनीं भागलें, म्हणजे रोजचें अर्धा किलो. त्याला अकरांनीं भागलें, म्हणजे माणशीं रोज ४५ ग्रॅम. शिवाय घरचें तूप महिन्याला दीड किलो, म्हणजे माणशीं साडेचार ग्रॅम. एकूण ५० ग्रॅम. संस्थेचा आंकडा २७, आणि आमचा ५०! बाहेरचे समोसे, शेव आणि बिस्किटें यांतील तेल यांत धरलेलेंच नाहीं. हा हिशेब कागदावर मांडून मीं रात्रीं जेवणानंतर सर्वांसमक्ष वाचून दाखविला.

वहिनींचा चेहरा उतरला. “भाऊजी, पंचेचाळीस वर्षें या हातानें फोडणी दिली. ती चुकली, असें हा कागद म्हणतो का?” असें त्यांनीं विचारलें. घरांतील कोणालाही तसें म्हणावयाचें नव्हतें. पण प्रश्न रास्त होता. ज्या घरांत तेल जपून वापरावें लागे अशा काळांत वहिनी वाढल्या. तेव्हां जवसाचें, तिळाचें किंवा करडईचें घाणीचें तेल पावशेरानें येई, आणि भाजीवर तवंग दिसणें हा सणाचा थाट होता. पुढें पिशव्या आणि डबे आले, तेल घरोघर मुबलक झालें, आणि हात सैल सोडणें हें गृहिणीच्या मोठेपणाचें लक्षण ठरलें. हात वहिनींचा, पण त्या हाताला वळण लावलें काळानें. “वहिनी,” मीं म्हटलें, “माणसें पूर्वीं शेतापर्यंत पायीं जात, आतां दारांत मोटारसायकल आहे. श्रम गेले आणि तेल वाढलें. हा हिशेब त्या दोहोंचा आहे, तुमच्या हाताचा नाहीं.”

त्या रात्रीं त्या कांहींच बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं स्वतःच मला स्वयंपाकघराच्या दाराशीं बोलाविलें आणि सांगितलें, “तेल मी मोजीन. पण दोन गोष्टी. तुपाच्या भांड्याला कोणी हात लावायचा नाहीं. आणि यापुढें ह्यांचें पान वेगळें वाढायचें नाहीं. जें ह्यांना, तें सर्वांना.” या दोन अटींत सगळ्या प्रश्नाचें उत्तर होतें. मीं पुन्हां हिशेब केला. तूप जसेंच्या तसें ठेवून तेलाचा डबा एकाऐवजीं दोन महिने पुरविला, तर रोजचें तेल पाव किलो, माणशीं पावणेतेवीस ग्रॅम. त्यांत तुपाचे साडेचार मिळविले, म्हणजे २७ ग्रॅम. संस्थेचा आंकडा तंतोतंत! त्या दिवसापासून रोज सकाळीं पाव किलो तेल मोजून एका भांड्यांत काढावयाचें आणि दिवसाचा सारा स्वयंपाक त्यांत बसवावयाचा, असा परिपाठ सुरू झाला.

तो कसा बसविला हें गृहिणी-वाचकांस जाणून घ्यावेंसें वाटेल. पळी बाजूला ठेवून चमचा हातीं घेतला, ही पहिली पायरी. घडीची पोळी रोजच्या पानांतून जाऊन फुलके आले आणि एका वेळेस ज्वारीची भाकरी आली; भाकरीला तेल मुळींच लागत नाहीं. वांग्याची भाजी तेलांत परतण्याऐवजीं भरीत अधिक होऊं लागलें. आमच्या वऱ्हाडांत गोळाभात मोठ्या आवडीचा. हरभऱ्याच्या भरड्याचे गोळे भाताबरोबर शिजवावयाचे आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी पळीपळीनें ओतावयाची, ही त्याची रीत. वहिनींनीं ध्यानांत आणून दिलें कीं, हिंगाचा वास उतरावयास चमचाभर तेल पुरतें; बाकीचें तेल केवळ घांस ओला करण्यासाठीं असतें, आणि तें काम कढी अधिक चांगलें करते. पाटवडीच्या रश्शावरची तर्री अशीच पातळ झाली. आंबाडीच्या भाजीवर कच्चें तेल घेण्याची रीत आहे. ती राहिली, पण चमच्यानें. तळण महिन्यांतून दोनदां आणि सणाला. दिवाळीच्या फराळाचें तेल मात्र निराळें आणलें आणि निराळें मोजलें. त्यामुळें सणावर कात्री चालली नाहीं आणि हिशेबही बिघडला नाहीं.

यांत एक गोष्ट अशी उघडकीस आली, कीं जिच्याकडे घरांतील पुरुषांचें लक्ष कधीं जात नाहीं. वहिनींचेंही वजन ७२ किलो होतें आणि गुडघे त्यांचेही दुखत. त्या पंगतींत बसून फार खात असत असें नाहीं. सर्वांचीं जेवणें उरकल्यावर पातेल्याच्या तळाशीं राहिलेली भाजी, मुलांनीं टाकलेली अर्धी पोळी, उद्यां खराब होईल म्हणून उरलेला शिरा, हें सारें ‘अन्न टाकवत नाहीं’ म्हणून त्यांच्या पोटांत जाई. पातेल्याच्या तळाशीं तेल अधिक उतरलेलें असतें, हें वेगळें सांगावयास नको. अन्नाविषयींचा आदर हा सद्गुण खरा; पण त्या सद्गुणाचा भार एकाच देहानें कां वाहावा? आतां सर्व स्त्रिया पुरुषांच्याच पंगतीला बसतात, स्वयंपाक मापानें होतो, आणि उरलें तर तें दुसऱ्या दिवशीं सर्वांच्या पानांत वांटून जातें. वजनाच्या दृष्टीनें ही सुधारणा तेलाच्या मापाइतकीच मोलाची ठरली, असें मला वाटतें.

घरांत सर्वांना एकच माप लावलें, तर ज्यांना वजन उतरवावयाचें नाहीं त्यांचें काय, अशी शंका कोणी घेईल. ती योग्यच आहे. मुलें वाढीस लागलेलीं. त्यांना दूध आणि दाणे अधिक दिले. शेंगदाण्यांत वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असतें, आणि त्याबरोबर प्रथिनेंही मिळतात. दोन वर्षांखालील मुलांच्या आहारांतील स्निग्ध पदार्थ तर कमी करूंच नयेत, असें वैद्यकशास्त्र सांगतें. धाकटी सूनबाई अंगानें बारीक. तिच्या वांट्याला भाकरी आणि दही वाढलें. स्निग्ध पदार्थ अजिबात बंद करणें कोणालाच हितकर नाहीं. अ, ड, ई आणि के हीं जीवनसत्त्वें अंगीं लागण्यास त्यांची गरज असते.

शिवाय बारीक दिसणाऱ्यानेंही निश्चिंत राहूं नये, हें पुण्याच्या संशोधनानें दाखवून दिलें आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकें यांचा अभ्यास केला. जन्मतः हलकीं असणारीं आपलीं बालकें चरबीच्या बाबतींत मात्र तितकीं हलकीं नसतात, असें त्यांना आढळलें. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत त्यांचें आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचें एक छायाचित्र छापलें गेलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे वजनाचा निर्देशांक २५ ऐवजीं २३ च्या पुढें गेला तरी सावध व्हावें, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, स्त्रीची ८० सेंटिमीटर यापुढें जाऊं देऊं नये, असें तज्ज्ञांनीं ठरविलें आहे. निर्देशांक काढणें सोपें आहे: किलोंतील वजनाला मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागावें. दादांचा ३१ निघाला होता. धोतराची गांठ मारतांना दर महिन्याला कंबरेभोंवतीं टेप फिरविली, तर तराजूवांचूनही पुष्कळ कळतें.

तेलच कां कमी करावयाचें, भात-साखर कां नाहीं, असा वाद हल्लीं घरोघर चालतो. त्याचाही विचार केला पाहिजे. १९७७ नंतर अमेरिकेंत स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा मोठा उपदेश झाला. परंतु कारखान्यांनीं बिस्किटांतील लोणी काढून त्यांत साखर घातली आणि माणसें जाडच राहिलीं. तेव्हां तेल काढून त्या जागीं गोड भरावयाचें असेल, तर तो व्यवहार तोट्याचा. चार कप चहांतील आठ चमचे साखर म्हणजे १६० उष्मांक. आम्ही माणशीं वांचविलेल्या तेलाचा बहुतेक सारा फायदा त्यांतच बुडाला असता. २०१८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं ६०९ माणसांचा एक वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांनीं तेल-तूप कमी केलें, निम्म्यांनीं पिष्ट व साखर. वर्षाअखेर पहिल्यांचें वजन सरासरीनें ५.३ किलो व दुसऱ्यांचें ६ किलो उतरलें. हा फरक विचारांत घेण्याजोगा नाहीं, असा निष्कर्ष निघाला. मार्ग कोणताही असो, जो मनुष्यास वर्षानुवर्षें पाळतां येईल तोच खरा.

आपल्याच विदर्भांतील डॉ. श्रीकांत जिचकार यांनीं आहाराविषयीं निराळा विचार मांडला होता. २००४ सालीं ते अपघातांत वारले. पुढें डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं तो विचार महाराष्ट्रभर पोंचविला. दिवसांतून दोनदांच जेवावें, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आंत संपवावें, गोड टाळावें आणि मधल्या वेळीं कांहीं खाऊं नये, असा त्याचा गाभा. त्यांत उष्मांक मोजावयाचे नसतात. माझ्या परिचयाच्या कित्येकांनीं तो मार्ग धरला आहे. दोन वेळच्या मध्यें डबा उघडला नाहीं, म्हणजे आपोआपच खाणें कमी होतें, असें मला दिसतें. मात्र मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्शुलिन घेणाऱ्यानें जेवणाच्या वेळा आपल्याच मनानें बदलूं नयेत. साखर एकाएकीं उतरून घेरी येण्याचा संभव असतो. दादांच्या बाबतींत डॉक्टरांनीं तीन वेळा ठरलेल्या वेळींच खाण्यास सांगितलें होतें, म्हणून आम्हीं वेळा न बदलतां माप बदललें.

अतिरेक मात्र कोणीही करूं नये. १९४४-४५ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत अ‍ॅन्सेल कीझ यांनीं छत्तीस निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेवून पाहिलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. पण त्याबरोबर तीं माणसें चिडखोर, उदास आणि रात्रंदिवस अन्नाचाच विचार करणारीं झालीं. अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाहीं, असें गीतेच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे, त्याचीच ही प्रयोगशाळेंतील साक्ष म्हणावी. वाग्भटानेंही पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नास, एक पाण्यास आणि एक वायूस मोकळा ठेवावा, असें म्हटलें आहे. वृद्ध माणसाच्या बाबतींत आणखी एक जपणूक हवी. उतरतें वजन चरबीचें असावें, मांसपेशींचें नसावें. म्हणून दादांच्या पानांत घट्ट वरण, मोड आलेली मटकी आणि ताक वाढविलें, आणि सकाळसंध्याकाळ अर्धा अर्धा तास चालणें ठेवलें.

आतां फळ काय मिळालें तें सांगतों. अंगांतील एक किलो चरबीचें सर्पण साधारण ७७०० उष्मांक धरतात. तेलांतून माणशीं रोज सुमारें २०० उष्मांक वांचले, म्हणजे महिन्याला ६०००. कागदी हिशेबानें पाऊण किलो. देह मात्र हिशेबाच्या वहीप्रमाणें वागत नाहीं. वजन उतरलें कीं त्याचा खर्चही उतरतो, आणि उतार मंदावतो. दादांचें वजन पहिल्या दोन महिन्यांत तीन किलो उतरलें, श्रावणांत सहा आठवडे जागेवरच थांबलें, आणि दिवाळीस ७७ किलो भरलें. कंबर १०४ सेंटिमीटरांची ९७ झाली. रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनीं कमी केली. वहिनी ७२ वरून ६८ वर आल्या आणि माडीचा जिना कठडा न धरतां चढूं लागल्या. लोकांच्या नजरेंत भरावें असें यांत कांहीं नाहीं. पण जें झालें तें कोणाचें पान वेगळें न करतां झालें.

एक अडचण अजून पुरती सुटलेली नाहीं; ती म्हणजे आग्रहाची. आपल्याकडे पाहुण्याला ‘पुरे’ म्हणूं देणें हा यजमानाचा कमीपणा समजतात, आणि पाहुणा खरोखरीच ‘पुरे’ म्हणत असेल यावर कोणाचा विश्वास बसत नाहीं. दादा लग्नकार्याला गेले, म्हणजे जिलबीचें ताट घेऊन तीन-तीन माणसें पाठीशीं उभीं राहतात. मधुमेही माणसाला आग्रह करणें म्हणजे स्नेह नव्हे, हें एकदां आपण आपसांत ठरवून टाकलें पाहिजे. वहिनींनीं आमच्या घरापुरता नियम केला आहे: पाहुण्याला सर्व पदार्थ एकदां वाढावे, दुसऱ्यांदा फक्त विचारावें, आणि तिसऱ्यांदा त्याच्या घरच्या मंडळींची खुशाली विचारावी. त्यामुळें आमच्याकडील पाहुणचारांत उणें आलें, असें अद्याप कोणी म्हटलेलें नाहीं.

शेवटीं एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, देशांतील २४ टक्के स्त्रियांचें वजन प्रमाणाबाहेर अधिक आणि १८.७ टक्के स्त्रियांचें प्रमाणाहून कमी आढळलें. हीं दोन्ही टोकें एकाच तालुक्यांत, कित्येकदां एकाच गल्लींत दिसतात. दादांच्या गोळ्या आणावयाला जातांना वाटेंत कापूस वेंचणाऱ्या बाया भेटतात. त्यांना उष्मांक कमी करण्याचा उपदेश कोणी करूं लागला, तर ती थट्टा होईल. आमच्या घरीं दोन महिन्यांत एक डबा तेल वांचतें. त्यांतून दर महिन्याला तीन किलो तेल, डाळ आणि गूळ आमच्याकडे धुणीभांडीं करणाऱ्या बाईंच्या घरीं जावें, असें वहिनींनींच ठरविलें. त्यांचीं दोन मुलें वाढीचीं आहेत, आणि त्यांच्या ताटांत तेलाचें माप आमच्या उलट दिशेनें चुकत होतें.

ज्या वाचकांना आपल्या घरीं हा प्रयोग करून पाहावयाचा असेल, त्यांनीं पहिल्या महिन्यांत कांहींच बदलूं नये. नवा डबा उघडतांना त्यावर तारीख घालावी आणि तो संपेल त्या दिवशीं दुसरी तारीख घालावी. तेलाच्या ग्रॅमांना दिवसांनीं भागावें, आणि आलेल्या आंकड्याला पंगतींतील माणसांनीं भागावें. मग तो हिशेब, जिच्या हातीं पळी आहे तिच्या हातीं द्यावा, आणि ती काय म्हणते तें आधीं ऐकून घ्यावें.